कुलूपवाल्यांची जप्ती

बँकेतल्या पोरीचा काही दोष नव्हता, पण ताईनं तिलाच धारेवर धरलं होतं. स्वतःच्या खात्यातले स्वतःचे पैसे काढायला गेलेल्या बाईला काचेपलीकडून कुणी "खातं गोठवलंय मॅडम, कर खात्याचा आदेश आहे," असं सांगितलं, तर ती दुसरं काय करणार? "कसला कर?" ताई ओरडली होती. "माझा कर दर महिन्याला पगारातून कापून जातो! विचारा इस्पितळात, एक्स-रे विभागात कोण काम करतं ते!" त्यावर ती पोरगी चाचरत म्हणाली, "तुमचा नाही मॅडम. फर्मचा."

तिथून ताई तरातरा घरी गेली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या तिच्या दोन खोल्यांच्या दारावर हा एवढा कागद डकवलेला. घर जप्त आहे. विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, थकबाकी भरली नाही तर लिलाव होईल. खाली फर्मचं नाव आणि भागीदार म्हणून तिचं. समोरची शेजारीण दार किलकिलं करून बघत होती. "काय बघताय? वाचता येतं ना? या, जवळ येऊन वाचा!" असं तिला सुनावून ताईनं तो कागद टराटरा ओढून काढला आणि जी निघाली ती थेट कारखान्यात.

कुलपांचा आणि तिजोऱ्यांचा हा कारखाना नानांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, उभा केलेला. नाना गेल्यापासून तो दादाच्या ताब्यात होता. आज अर्धं शटर खाली होतं. ताई वाकून आत शिरली तर आत सगळी मंडळी हजर. काउंटरमागे नानांच्या खुर्चीत दादा, हाताची घडी घालून, जणू काही हा सगळा दुसऱ्याच कुणाचा तमाशा. त्याच्या मागे वहिनी, पदर तोंडाला लावून. कामाच्या लांब टेबलाशी धाकटा, नेहमीसारखा मोबाइलमध्ये मान घालून. आणि मधोमध स्टुलावर कर खात्याचे वसुलीसाहेब, सर्दीनं नाक लाल झालेले, मांडीवर फाइल. शेजारचा सायकलवाला आणि समोरचा छपाईवाला असे दोन पंच भिंतीला टेकून उभे होते. अशा कामाला पंच लागतातच.

"दादा, हे काय आहे?" ताईनं कागद त्याच्यापुढे आपटला.

"ओरडू नकोस. बाहेरची माणसं आहेत."

"बाहेरची माणसं माझ्या दारावर चिकटवून गेलीत! अख्ख्या इमारतीनं वाचलं! आता कुणाची लाज बाळगतोस?"

"बाई, त्या तिसऱ्या भागीदार तुम्हीच का?" साहेबांनी रुमालानं नाक पुसत विचारलं. "बसा."

"बसायला नाही आले मी. मला एवढंच सांगा, याचा कर थकला तर माझं घर कसं जप्त होतं? या दुकानातून मी आजवर एक पैसा घेतलेला नाही. चहासुद्धा माझ्या पैशानं प्यायलेय!"

साहेबांनी उसासा टाकला. हे बोलणं त्यांनी बहुधा हजार घरांत ऐकलं असावं. "नफा घेतला नाही म्हणून जबाबदारी जात नाही. भागीदारी म्हटली की प्रत्येक भागीदार सगळ्या थकबाकीला बांधलेला. एकाकडून आलं नाही तर दुसऱ्याकडून घ्यायचं. आम्ही एकदम घरावर येत नाही, बाई. आधी नोटिसा गेल्या. मग तुमच्या बड्या गिऱ्हाइकांना पत्रं गेली, की तुम्ही यांचं काही देणं लागत असाल तर यांना देऊ नका, आमच्याकडे भरा. त्यातून थोडं आलं. मग बँकेतली खाती धरली. तरीही भागेना, म्हणून भागीदारांची घरं. आणि आज इथल्या मालाची जप्ती."

"घरं म्हणजे माझं एकटीचंच दिसतंय! दादाचं कुठंय? त्याचा तर मोठा फ्लॅट आहे, बाल्कनीवाला!"

"तो बँकेकडे गहाण आहे. आधी बँकेचा हक्क. आमच्या हाती काही लागायचं नाही त्यातून. तुमचं घर कसं, स्वच्छ आहे. हप्ते फिटलेले."

ताईच्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा ती काही महिने दादाकडे राहिली होती, आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यावर झोपताना रोज सकाळी वहिनीच्या पावलांचा अंदाज घेत उठत होती. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की एक दार तरी असं हवं जे आपल्या चावीनं उघडेल आणि जिथून कुणी "आता निघा" म्हणणार नाही. त्या दोन खोल्यांसाठी तिनं रात्रपाळ्या केल्या, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात जाऊन कामं केली. हप्ते वेळच्या वेळी फेडले म्हणून आज तिचं घर पकडायला सोपं, आणि ज्यानं कर्ज काढून बाल्कनी घेतली तो सुरक्षित!

"मी भागीदार झालेच कशी?" तिनं दादाला विचारलं. "नाना गेल्यावर त्या आठवड्यात तू कागद आणलास. म्हणालास, बँकेचं काम आहे, तिघांच्या सह्या लागतात. मी रडत होते, दादा! तू बोट ठेवलंस तिथं मी सही केली!"

"मग काय जबरदस्ती केली? नानांचं नाव तिघांनी चालवावं असं वाटलं मला. चूक झाली माझी!"

"नाव तिघांचं आणि खुर्ची तुझी एकट्याची!"

"वन्सं, जरा दमानं," वहिनी पदराआडून म्हणाली. "त्यांचं डोकं आधीच ठिकाणावर नाही. आणि अगदीच वेळ आली तर आमच्याकडे या की राहायला. तुम्हाला कोण नाही म्हणतंय?"

"सोफ्यावर?" ताई गर्रकन वळली. "माझं घर विकून तुमचा कर भरायचा आणि तुमच्या सोफ्यावर निजायचं, वर उपकार मानायचे! वा वहिनी, काय हिशेब आहे!"

वहिनीनं पदर आणखी वर घेतला.

"एक सांग मला," ताई पुन्हा दादाकडे वळली. "नोटिसा येत होत्या ना? एवढ्या सगळ्या? तेव्हा काय करत होतास?"

दादा खुर्चीचा हात नखानं खरवडत बसला. बोलले ते साहेब, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा ओशाळला. "मास्तरांचा गैरसमज झाला. म्हणजे, तसं त्यांनीच मला मघाशी सांगितलं."

त्याचं असं होतं. कर खात्याला कुठं जप्तीला जायचं आणि दार बंद असलं की कुलूप उघडायला या कारखान्यातूनच माणूस जायचा. आधी नाना जायचे, मग दादा. खात्यात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. किती घरांची, किती दुकानांची दारं दादानं अशी उघडून दिली होती! आणि त्यावरून त्यानं आपला एक समज करून घेतला होता: नोटिसा निघतच असतात, त्यांना काही अर्थ नाही. खातं खरंच उठलं म्हणजे आधी कुलूपवाल्याला बोलावणं येतं. बोलावणं येणार ते आपल्यालाच. म्हणजे आपल्यावर जप्ती यायची असेल तर आदल्या दिवशी आपल्यालाच कळेल! तेव्हा बघू. बोलावणं काही आलं नाही, आणि बँकेतली खाती धरली जाईपर्यंत दादा निवांत राहिला.

"तू..." ताईनं काउंटरवर दोन्ही हात टेकले. "तुझ्याच जप्तीचं कुलूप उघडायला ते तुला बोलावतील, असं वाटलं तुला?"

"इतकी वर्षं मीच उघडतोय!" दादा गरजला. "दुसरा आहे कोण या गावात?"

सायकलवाला भिंतीकडे तोंड करून खोकला. तो हसू दाबत होता हे सगळ्यांना कळलं, आणि दादाचा चेहरा लालभडक झाला.

"ताई, आता झालं ते झालं," धाकट्यानं अखेर मोबाइल खाली ठेवला. "चिडून काय उपयोग? प्रॅक्टिकल विचार कर. तुझं घर चांगल्या जागी आहे. लिलावात गेलं तर मातीमोल जाईल, त्यापेक्षा साहेबांची परवानगी काढून आपणच बाजारभावानं विकू. थकबाकी फिटेल. उरलं ते तुझं. दादा आणि मी तुझे पैसे हळूहळू फेडू."

"तू फेडणार? तू का? तूही भागीदारच ना, मग तुझ्या दारावर कागद का नाही?"

धाकट्यानं कॉलर सारखी केली. "मी... म्हणजे मी गेल्या वर्षी बाहेर पडलो. रीतसर. कागदोपत्री."

"गेल्या वर्षी?" हे मात्र दादालाही झोंबलं. "दुसरा धंदा करायचाय म्हणून बाहेर पडतो, असं सांगितलं होतंस! थकबाकीचं तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं, दादा. तुझ्या टेबलावर पाकिटांचा ढीग पडलेला असायचा."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?" ताईचा आवाज चिरकला. "बुडती होडी बघून तू गुपचूप उडी मारलीस, आणि बहीण आत आहे हे माहीत असून तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस! राखायला नको होतं माझं घर, नुसतं एक वाक्य बोलायचं होतंस. 'ताई, तूही नाव काढून घे.' एवढंच! जीभ झडली असती तुझी?"

"नाव काढून काही फरक पडला नसता तसा," साहेब फाइलीची पानं उलटत म्हणाले. "ही थकबाकी ज्या वर्षांची आहे त्या वर्षांत तुम्ही तिघंही होतात. नंतर बाहेर पडलं तरी त्या वर्षांची जबाबदारी सुटत नाही. आणि धाकटे शेठ, घर तुमचं भाड्याचं आहे, पण नव्या धंद्याचं खातं यादीत आहे. उद्या-परवा बँकेला पत्र जाईल."

धाकट्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. "माझं खातं? पण माझा पुढच्या आठवड्यात... माल येतोय माझा!"

ताईला इतक्या संतापातही हसू आलं. चांगलं झालं, असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याची तिला जराही लाज वाटली नाही.

साहेब उठले. "मास्तर, माझ्याकडे जुनी यादी आहे. लेथ, पत्रा वाकवायचं मोठं मशीन, चाव्या कापायची दोन परदेशी मशिनं. इथं तर शिकंजे आणि कानशी सोडून काही दिसत नाही." त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. तेलानं काळ्या झालेल्या फरशीवर चार ठिकाणी स्वच्छ चौकोन उमटले होते. आंधळ्यालाही कळलं असतं की तिथं काल-परवापर्यंत काहीतरी जड उभं होतं.

"विकली," दादा म्हणाला.

"मागच्या खोलीत काय आहे?"

"भंगार. चावी हरवलीय."

मागच्या खोलीला नानांनी स्वतः घडवलेलं पोलादी दार होतं आणि त्याला त्यांचं स्वतःचं कुलूप. साहेबांनी कुलूपवाला बरोबर आणला होताच, पण तो निघाला दादाचाच जुना चेला. तो मघापासून शटरबाहेर घुटमळत होता. त्याला आत बोलावल्यावर तो दारापाशी गेला, वाकून बघितलं, आणि दादाची नजर चुकवत परत आला. "नानांचं कुलूप आहे साहेब. माझ्याच्यानं व्हायचं नाही." जमणार नव्हतं की करायचं नव्हतं, ते त्याचं त्याला ठाऊक. दादा मात्र खुर्चीत ताठ झाला. बघा, म्हटलं नव्हतं का, असा भाव त्याच्या तोंडावर आला, आणि ताईला तो चेहरा ओरबाडून काढावासा वाटला.

"मग?" तिनं साहेबांना विचारलं.

"दार कापायचा अधिकार आहे मला. पण गॅस कटर मागवायचा तर वरून मंजुरी आणावी लागते. ती येईल तेव्हा येईल. आज मी 'माल अपुरा' असा अहवाल देणार, आणि उद्या तुमच्या घराच्या लिलावाची जाहिरात निघेल. काय आहे बाई, मशीन रातोरात हलतं. घर पळून जात नाही."

"आणि खोलीत ही मशिनं निघाली तर?"

"जुनी असली तरी चांगल्या कंपनीची आहेत. लिलावात थकबाकीपुरते पैसे यावेत. तसं झालं की घरावरचा आदेश उठवायचं पत्र मीच देईन."

"आहेत आत!" धाकटा एकदम ओरडला. "चारही आहेत! आम्हीच रविवारी ढकलत नेली. साहेब, माझ्या खात्याचं पत्र थांबवा, चारही मशिनं आत आहेत!"

"अरे हरामखोरा!" दादा खुर्ची पाडून उठला. छपाईवाल्यानं मध्ये पडून त्याला धरलं नसतं तर धाकट्याची काही धडगत नव्हती. "ढकलताना खांदा लावलास आणि आता साक्ष देतोस? भाऊ म्हणवतोस?"

"भाऊच आहे! पण माझं खातं गेलं तर मी रस्त्यावर येईन!"

"आणि मशिनं गेली तर आम्ही काय खायचं?" आता वहिनीनं पदर तोंडावरून काढला होता. ती रडत नव्हती. "वन्सं, तुमचा पगार तरी आहे. आमचं सगळं त्या खोलीत आहे. उद्या चूल कशावर पेटवू मी?"

हा प्रश्न खोटा नव्हता. वहिनीवर ताईचा राग होता, पण ती उपाशी राहावी अशी ताईची इच्छा नव्हती. तिनं साहेबांकडे पाहिलं.

"हातानं चालवायची अवजारं मी नेत नाही," साहेब म्हणाले. "कायद्यानंच ती सोडावी लागतात. हे टेबल, शिकंजे, कानशी, हातानं चावी कापायचं यंत्र, हे सगळं राहील. पोटापुरता धंदा चालेल. नानांनी तेवढ्यावरच सुरू केला होता ना, मास्तर? आणि आणखी एक. माल हलवून लपवला म्हणून गुन्हा दाखल होतो. पण आज, माझ्यासमोर, याच जागेत मशिनं सरळ मिळाली, तर ती लपवली होती असं मी लिहिणार नाही. कटर लावून काढावी लागली तर लिहावं लागेल."

"चावी दे, दादा," ताई म्हणाली.

"हरवलीय."

"तुझ्या खिशात आहे."

"असेल. नाही देत. तुझ्या दोन खोल्यांसाठी मी नानांचा कारखाना भंगारवाल्याला देऊ? तू एकटी माणूस. तुला कुठंही भागेल."

बस्स. तिथं ताईचं उरलंसुरलं दमानं घेणं संपलं. ती कामाच्या टेबलाशी गेली, खण उघडला, एक चपटी पट्टी आणि टोकाला वाकवलेली तार उचलली, आणि सरळ मागच्या दाराकडे चालू लागली.

"ए! काय करतेस?" दादा ओरडला. "तुला काय येतंय त्यातलं?"

तिला येत होतं. लहानपणी नानांनी तिघांनाही कुलपं खोलायला शिकवली होती, आणि तिघांत तिचा हात सगळ्यात हलका होता. नाना कौतुकानं तिला पाहुण्यांसमोर कुलूप उघडायला लावायचे. मग ती मोठी झाली आणि दादानं टेबलाशी तिची जागा बंद केली. बाईमाणसाला कुलूप खोलायला कोण बोलावणार, लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला, आणि नानांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. त्याचा राग तिला नानांवरही होता. तो कधी बोलून दाखवता आला नाही.

ती दारापुढे गुडघे टेकून बसली. पट्टी आत घालून तिनं हलका ताण दिला, आणि तारेनं एकेक खटका चाचपत गेली. या कुलपात नानांनी एक लबाडी केली होती. त्यातला एक खटका उघडल्याचा आवाज करतो आणि उघडत नाही, आणि त्याच्यावर विश्वास ठेवला की उघडलेले बाकीचे पुन्हा खाली पडतात. ताईनं त्याला शेवटासाठी सोडला आणि आधी पुढचे घेतले. दादा मागं उभा राहून नुसता श्वास टाकत होता. हात लावायची त्याची छाती झाली नाही, कारण साहेब मध्ये उभे होते.

"चिमे," तो शेवटी म्हणाला. लहानपणीचं नाव. कितीतरी वर्षांनी. "नको ना. ऐक माझं."

"आता चिमे आठवली?" तिनं मान वळवली नाही. "सही घेताना आठवायचं होतं. मघाशी एकटी माणूस म्हणालास तेव्हा आठवायचं होतं."

कुलूप उघडलं. पोलादी दार तिनं खांद्यानं ढकललं. आत चारही मशिनं एकमेकांना खेटून उभी होती, त्यांच्यावर वहिनीच्या जुन्या चादरी पांघरलेल्या.

साहेबांनी पंचांना जवळ बोलावलं आणि पंचनामा लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. "कुलूप उघडणाऱ्याचं नाव घालावं लागतं इथं. आणि मजुरी." त्यांनी चेल्याकडे पाहिलं. "यानं तर काही केलं नाही."

"मजुरी कोण देतं?" ताईनं विचारलं.

"खातं देतं. पण वसुलीचा खर्च शेवटी थकबाकीदाराच्याच डोक्यावर. फर्मच्या नावे मांडतो."

"मग माझं नाव घाला. कारागीर म्हणून. आणि दादाला जेवढी देत होतात तेवढी मजुरी मांडा. एक पैसाही कमी नाही."

साहेब अवघडले. "बाई, तुम्हीही थकबाकीदारच. ती मजुरी तुमच्या हातात पडायची नाही. जागच्या जागी टाच येईल तिच्यावर."

"मग लिहायची तरी कशाला?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"येऊ दे टाच! खुशाल आणा!" ताई उठून उभी राहिली. गुडघ्यांना फरशीचं काळं तेल लागलं होतं. "पण आधी ती मला मिळाली असं लिहा. नानांच्या दुकानात मी काम केलं आणि त्याची मजुरी झाली, असं लिहा. आणि मोठ्यानं वाचा, साहेब. यांना ऐकू गेलं पाहिजे."

साहेबांनी लिहिलं, नाक पुसलं आणि वाचलं. तिचं पूर्ण नाव, पुढं कुलूप कारागीर, पुढं मजुरी, फर्मच्या नावे.

"खोडा ते," दादा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "मशिनं न्या, पण ते खोडा. माझ्या दुकानातून बाईमाणसाच्या नावे मजुरी गेली, असं कागदावर जायचं नाही."

"पंचनाम्यात खाडाखोड चालत नाही, मास्तर," साहेब म्हणाले. "तुम्हाला ठाऊकच आहे."